खड्ड्यात मोडलेल्या वाहनाची भरपाई : रायगडच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
जिल्हाधिकारी, रायगड, मुख्य कार्यकारी अधिकारी, रायगड जिल्हा परिषद, मुख्याधिकारी, कर्जत व खोपोली नगरपरिषदा आणि खालापूर नगरपंचायत

खड्ड्यात आदळून वाहनाचे नुकसान झाले, तर रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेवर त्याची जबाबदारी येऊ शकते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मात्र रिम वाकली, ऑइल चेंबर फुटले, दुचाकीचा फोर्क वाकला, की खर्च मुकाट्याने वाहनमालकच सोसतो. विम्याचा आधारही तोकडा आहे. निव्वळ तृतीय पक्ष विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान येतच नाही. सर्वसमावेशक विम्याच्या नेहमीच्या अटींनुसार फक्त टायर फाटला तर काहीच मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत मिळते, आणि दावा केला म्हणून पुढच्या वर्षीची हप्त्यातली सवलत जाते. रिक्षावर घर चालवणाऱ्याला गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाईही बुडते.

भरपाई मागायची तर पहिला अडथळा रस्ता कोणाचा हाच आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. शहरांतले अंतर्गत रस्ते नगरपरिषदांचे. खालापूर तालुक्यातून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, आणि कर्जत-खोपोली रस्ता शहापूरहून येणाऱ्या ५४८ अ या राष्ट्रीय महामार्गाचा भाग. एखाद्या वाडीवरून खोपोलीला कामाला जाणारा माणूस एका फेरीत दोन-तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो. खड्डा कोणाच्या हद्दीत होता हे त्यानेच शोधावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

कायद्याची बाजू दोन जुन्या निकालांवरून समजते. दिल्लीतल्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले. जुन्या बांधकामाची तपासणी करणे तिचे काम होते. याउलट राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात १९९७ मध्ये महापालिकेची जबाबदारी मान्य झाली नाही, कारण धोका आधी कळण्यासारखा नव्हता, असे न्यायालयाला वाटले. खड्ड्याच्या दाव्याचाही कस इथेच लागतो. खड्ड्याची तक्रार आधी नोंदलेली असेल, तर माहीत नव्हते असे म्हणायला संस्थेला जागा उरत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी या विषयात मोठे पाऊल टाकले. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या २०१३ मधील पत्रावरून स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. नगरपरिषदेच्या हद्दीत रक्कम ठरवण्यासाठी मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे, आणि दिलेले पैसे दोषी अधिकारी व ठेकेदाराकडून वसूल करायचे आहेत. हे दर मृत्यू आणि दुखापतीचे आहेत. मोडलेल्या वाहनासाठी असा ठरलेला दर नाही.

त्यामुळे वाहनमालकाला जुनाच, लांबचा रस्ता धरावा लागतो. नगरपरिषदेवर दावा लावण्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. राज्य शासनाविरुद्ध नोटिशीची मुदत दोन महिन्यांची आहे. टोल भरलेल्या रस्त्यावर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. हाती पुरावा हवा : खड्ड्याचे तारीख-वेळेसह फोटो, पोलिस ठाण्यातली नोंद, साक्षीदार, गॅरेजचे शिक्क्याचे बिल, बदललेले सुटे भाग. काही हजारांच्या दुरुस्तीसाठी वकील लावून कोर्टात खेटे घालणे कुणालाच परवडत नाही, आणि म्हणूनच असा दावा कायद्यात असूनही सहसा कोणी करत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र १९८० च्या महामार्ग कायद्याने रस्ता सुस्थितीत ठेवणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. वाहनाच्या नुकसानीचा दावा तिथल्या परिषदा साध्या अर्जावर घेतात. रस्त्याची वाजवी तपासणी केली होती हे दाखवता आले, तर परिषद दावा नाकारू शकते. त्यामुळे तपासणीची वही नीट ठेवणे तिच्याच हिताचे ठरते.

तशी सोय रायगडमध्ये करायला नवा कायदा नको. कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयांत एकेक खिडकी असावी. रस्ता कोणत्याही यंत्रणेचा असो, माहिती अधिकाराच्या अर्जाप्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे त्या खिडकीनेच पाठवावा. नागरिकाला परत पाठवू नये. लहान रकमांचा निर्णय उपअभियंत्याने पाहणी आणि बिलावरून साठ दिवसांत द्यावा. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे रस्त्यातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, चालू असेल, तर ती रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वळती करावी. खड्ड्यांच्या तक्रारींची नोंदवही कोणालाही पाहता यावी. ही सेवा राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित केली, तर विलंबाविरुद्ध अपीलही करता येईल. अर्जाचा मराठी नमुना जूनचा पाऊस सुरू होण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे.