रोख, नाव आणि नोंद

'रोख' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. हातोहात दिला जाणारा पैसा तो रोख, आणि बोलण्याचा कल ज्या दिशेला असतो तोही रोखच. रोकड हळूहळू नाहीशी व्हावी आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहावी, या विचाराचा ८ नोव्हेंबर २०१६ पासून जो गाजावाजा झाला, त्याचा रोख काळ्या पैशाकडे आहे असे आपणांस सांगण्यात आले. पण ज्यांच्या उभ्या आयुष्याचा हिशेब रोकडीतच होत आला आहे, अशा माणसांचे या बदलात काय होते? त्यांतही देहविक्रयावर जगणाऱ्या स्त्रियांचे काय होते, हा प्रश्न आपल्या वैचारिक लेखनात फारसा विचारला जात नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. कोळशाच्या खाणी आणि ट्रकांची अखंड वर्दळ असलेल्या वणीतील प्रेमनगर ही वस्ती साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ती वर्तमानपत्रात येते ती बहुधा छाप्याच्या बातमीपुरती. अलीकडे मात्र हा व्यवसाय वस्तीच्या सीमेत राहिलेला नाही. तो मोबाईलवर आला, आणि येताना 'एस्कॉर्ट' असे गुळगुळीत इंग्रजी नाव घेऊन आला. वस्तीतील पैसा रोखीत फिरतो. मोबाईलवरच्या व्यवहारात 'आधी पाठवा' असे सांगितले जाते. याच आगाऊ रकमेच्या आधाराने फसवणुकीचा एक स्वतंत्र धंदाही उभा राहिला आहे. त्यात बाई नसतेच. असतो तो कोणाचा तरी उचललेला फोटो आणि भाड्याने घेतलेले बँकखाते. लुबाडला गेलेला माणूस लाजेने तक्रार करत नाही, हेच या धंद्याचे भांडवल.

कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्याला नगदी आणि खाते यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाही. चुकारा खात्यावर जमा झाला की बँक तो जुन्या कर्जात वळती करून घेईल, या धास्तीने थोडा कमी भाव पत्करून नगदी मागणारा शेतकरी आपल्या परिचयाचा आहे. त्याला आपण काळा पैसेवाला म्हणत नाही; त्याची अडचण आपल्याला कळते. देहविक्रय करणारी स्त्री रोकड मागते तेव्हा तिच्यामागेही अशीच अडचण असू शकते, असे मानायला मात्र आपले मन तयार होत नाही.

ही अडचण नावाची आहे. या व्यवसायात स्त्रीचे नाव सहसा तिचे स्वतःचे नसते. घेतलेले नाव हे तिचे चिलखत असते. त्याच्या आड तिचे गाव, तिची मुले, तिचे माहेर सुरक्षित राहते. नोट हे नाव विचारत नाही. युपीआय मात्र विचारते, आणि समोरच्यालाही सांगते. ३० जून २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दिसले पाहिजे, असा नियम लागू झाला. फसवणूक टाळण्यासाठी तो योग्यच आहे. पण ज्या क्षणी तुमच्याआमच्यासाठी तो संरक्षण ठरतो, त्याच क्षणी या स्त्रीचे खरे नाव एका अनोळखी पुरुषाच्या मोबाईलमध्ये कायमचे जाऊन बसते. पुढे धमकावण्यासाठी त्याला आणखी काय हवे?

इथे 'मृच्छकटिक' आठवल्यावाचून राहत नाही. वसंतसेना मातीच्या गाडीसाठी रडणाऱ्या लहानग्याला सोन्याची गाडी मिळावी म्हणून आपले अलंकार देते. तेच अलंकार पुढे भर न्यायसभेत मैत्रेयाच्या अंगावरून खाली पडतात आणि निरपराध चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. ओळख पटणारे धन मायेने दिलेले असले तरी ते उलटू शकते, हे शूद्रकाला ठाऊक होते.

आपल्या कायद्यातही हे उलटणे लिहिलेले आहे. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम, दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून, संपूर्ण वा अंशतः, जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीला गुन्हेगार ठरवते. रोख आहे दलालावर. पण शब्द 'कोणीही व्यक्ती' असे आहेत. म्हणजे आईने खात्यावर पाठवलेल्या पैशातून महाविद्यालयाचे शुल्क भरणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही या शब्दांच्या कक्षेत येऊ शकतो. वर्गात आपल्यासमोर बसलेल्यांपैकी असा एखादा मुलगा असणार नाही, असे कोणता प्राध्यापक छातीठोकपणे सांगू शकेल?

नोंद ही मुळातच निष्पाप नसते. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त गणिकाध्यक्षाला गणिकेच्या आय-व्ययाची नोंद ठेवायला सांगितले, आणि रूपाजीवांकडून दरमहा दोन वेळांच्या मोबदल्याइतका कर घ्यायला सांगितले. इंग्रजांनी १८६८च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने या स्त्रियांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी आरंभिली, ती गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. दोन्ही वह्यांत स्त्रीचे नाव होते. दोन्ही वह्या दुसऱ्याच कोणासाठी लिहिल्या गेल्या.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो झटकून टाकता येणार नाही. रोकड केवळ स्त्रीला लपवत नाही, ती विकणाऱ्यालाही लपवते. अल्पवयीन मुलीला फसवून आणणाऱ्याचा माग खात्यांवरून लागत असेल, तर तो लागलाच पाहिजे. पण हा माग दलालाच्या खात्याकडे जायला हवा, आणि दलाल स्वतःच्या खात्यावर पैसे घेण्याइतका भोळा नसतो. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड मालकिणीचा असेल, तर आधुनिकतेने एवढेच साधले की पूर्वी जी नोट निदान क्षणभर स्त्रीच्या हाताला लागत होती, ती आता लागतही नाही. अमेरिकेत २०१५ साली एका शेरीफच्या दबावाने कार्ड कंपन्यांनी 'बॅकपेज' या जाहिरातस्थळाचे व्यवहार बंद केले. न्यायालयाने हा दबाव त्याच वर्षी घटनाबाह्य ठरवला. गुन्हा सिद्ध करणे न्यायालयाचे काम. पैशाची वाट अडवून न्याय करणे सोपे असले, तरी तो न्याय नव्हे.

मग रोकडच बरी काय? तसेही नाही. रोकड चोरीला जाते, हिसकावली जाते, मालकिणीच्या न संपणाऱ्या कर्जात वळती होते. करोनाच्या काळात महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या महिन्यांसाठी या स्त्रियांना दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी २,५०० रुपये देण्याचे ठरवले. अशी मदत खात्यावर येते. ज्या बाईला खातेच नाही तिच्यापर्यंत ती कशी पोचणार? कोलकात्याच्या सोनागाछीत १९९५ साली या स्त्रियांनी 'उषा' ही स्वतःची सहकारी संस्था काढली, ती याच जाणिवेतून. बचत आपल्या नावावर असणे हे सन्मानाचे पहिले पाऊल असते.

म्हणूनच 'रोख की ऑनलाइन' हा वाद मला चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. खरा प्रश्न असा की नाव कोणाला दिसावे आणि ते कोणी ठरवावे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात या स्त्रियांना निवासाच्या पुराव्याचा आग्रह न धरता आधारकार्ड देण्याचा आदेश दिला, आणि त्या कार्डावर वा नोंदणीक्रमांकात व्यवसाय सूचित करणारी कोणतीही खूण असू नये असेही बजावले. ओळख द्यावी, पण डाग लावू नये, हे तत्त्व त्यात आहे. तेच तत्त्व पैशालाही लावता येईल. बँकेने तिचे खाते उघडावे आणि व्यवसाय विचारून तिला उंबऱ्यावर अडवू नये. पैसे घेताना नाव झाकण्याची सोय तंत्रज्ञांनी शोधावी. चौथ्या कलमातून तिची मुले आणि वृद्ध आईवडील स्पष्ट शब्दांत वगळावेत. आणि तोवर तिने रोकड मागितली तर तिला संशयाने पाहू नये.

पारदर्शकतेचा आग्रह आपण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याकडे धरावा. जिच्यापाशी लपवण्यासाठी स्वतःच्या नावाखेरीज काही उरलेले नाही, तिच्याकडे नव्हे. नाहीतर नोंदवहीची सारी पाने भरतील, आणि त्यांत ग्राहक व दलाल यांची नावे सोडून बाकी सर्वांची नावे सापडतील.