दृक्प्रत्ययावांचून पदार्थविज्ञान

क्वांटम एंटँगलमेंटची परीक्षा पाहण्यास प्रयोगशाळा कशाला हवी, संगणकावरील सिम्युलेशनमध्यें तोच आकडा मिळतो, असें मत हल्लीं विद्वानांच्या बैठकींत ऐकूं येतें. नाशिकसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांना तें सोयीचेंहि वाटतें. ती सोय आम्हांस मान्य आहे. तिला प्रयोग म्हणणें मुळींच मान्य नाहीं.

एकाच उगमांतून निघालेल्या दोन प्रकाशकणांपैकीं एक नाशकांत तपासला, दुसरा त्र्यंबकेश्वरीं. दोघांनीं आपलीं उत्तरें निघतांनाच गांठीं बांधून आणलीं असतील, तर तपासणीचे कोन बदलत गेल्यावरहि त्यांच्या मेळाला मर्यादा पडते, हें जॉन बेल यांनीं १९६४ सालीं दाखविलें. क्लॉसर प्रभृतींच्या १९६९ च्या सूत्रांत ती मर्यादा २ आहे, पुंजवाद २.८३ पर्यंत जातो.

आतां संगणकांत पुंजवादाचीं सूत्रें घातलीं तर २.८३ येणारच, आणि बेल यांचीं गृहीतें घातलीं तर २ ओलांडला जाणार नाहीं. जात्यांत बाजरी घालून गव्हाचें पीठ कोणास मिळालें आहे? सी-डॅकचा सहभाग असलेलें २०२१ चें क्यूसिम विद्यार्थ्यांच्या सरावास उत्तम आहे. पण सराव म्हणजे साक्ष नव्हे.

खुद्द क्लॉसर यांना पुंजवाद हरेल अशी आशा होती. १९७२ सालीं त्यांनीं व फ्रीडमन यांनीं बर्कली येथें कॅल्शियमच्या अणूंवर केलेल्या प्रयोगानें ती धुळीस मिळविली. हार्वर्ड येथें पाऱ्यावर झालेल्या प्रयोगाचा कौल तर नेमका उलटा! १९७६ सालीं पाऱ्यावरच पुन्हा प्रयोग झाले, तेव्हां तो कौल टिकला नाहीं. घातलेल्या सूत्रांविरुद्ध साक्ष देणारें सिम्युलेशन आमच्या या मित्रांनीं एकदां दाखवावेंच.

वास्तविक महाराष्ट्राला हा वाद नवा नाहीं. ग्रहलाघवाचें गणित आणि आकाशांतील ग्रह यांत अंतर पडलें, तेव्हां व्यंकटेश बापूजी केतकर व लोकमान्य टिळक यांनीं दृक्प्रत्ययाची कास धरली. पंचांगांत ग्रहण छापलेलें असलें, तरी तें लागलें कीं नाहीं हें आकाशाकडेच पाहून ठरतें.

खर्चाची सबब आम्ही जाणतों. परंतु राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ सालीं ६,००३ कोटींची मंजुरी मिळाली. जांभळा लेसर, बेरियम बोरेटचे स्फटिक, ध्रुवणपट्ट्या आणि एकेक प्रकाशकण मोजणारे दोन शोधक एवढ्या सामग्रीवर बेल यांची कसोटी पदवीच्या विद्यार्थ्यांनाहि घेतां येते. नाशिकच्या चार महाविद्यालयांनीं मिळून ती एका खोलींत मांडावी, आणि तोंवर प्रयोगवहींत सिम्युलेशनचे आकडे ‘निरीक्षण’ या सदराखालीं लिहिण्यास मनाई करावी.