पळायचं की ओढायचं?
जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत लष्करासाठी बनलेली जोंगा जीप लो रेंजमध्ये घाट चढेल, पण पळणार नाही. स्पोर्ट्स कारचं गणितही हेच. इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचा रेशो ३.५ आणि डिफरन्शियलचा ४ धरला, तर घर्षण सोडून चाकांपाशी २१०० पोहोचतो; ०.८ च्या पाचव्या गिअरमध्ये जेमतेम ४८०. मग सगळेच रेशो वाढवावेत का? नाही. इंजिन लगेच रेडलाइनला, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला भिडतं, आणि गिअर बदलताना दरवेळी जोर क्षणभर तुटतो. म्हणून दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०० किलोमीटर गाठणारी गाडी कधीकधी शर्यत मारून जाते. जबलपूरच्याच गोहलपुरातल्या गर्दीत मात्र सहा गिअरांच्या गाडीलाही पहिले दोनच पुरतात!