न बोलणाऱ्या बाळाचा विमानप्रवास

नगरहून एस. टी.नं मुंबई गाठायची नि तिथून विमान. लंडनला जायचं तरी नऊ-दहा तास! कडेवरचं मूल अडीच वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर नुसत्या खेळण्यांनी भागत नाही. त्याला हवं-नको सांगता आलं, की निम्मी रडारड थांबते.

जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर पाणी, खाऊ, शू, झोप, ‘दुखतंय’ अशी चित्रं काढून दोऱ्यात ओवा. आठवडाभर आधीपासून घरीच वापरा, म्हणजे सवय होते. एस. टी., विमान, बाबा अशी दुसरी माळ करा. टप्पा संपला की चित्र उलटायचं. ‘बोल ना’ असा लकडा लावू नका. शब्द आपण म्हणायचा अन् जरा थांबायचं.

विमान उतरताना कान दडपतात. बोलतं मूल तसं सांगेल. हे नुसतं रडेल, नि लोक त्याला हट्टी म्हणतील. म्हणून विमान उतरू लागताच त्याला जागं करून घोट घोट पाणी पाजा.

आणि हो, ‘मुलगे उशिराच बोलतात’ यावर विसंबू नका. आधी कान तपासून घ्या. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३पासून हेच काम करते आहे.