सम कोठे हरवली?

आमच्या भक्तिमंडळात गेली अनेक वर्षे ढोलक वाजविणारे काका यंदा पर्युषणात साथीला बसू शकणार नाहीत, हे चातुर्मासाच्या आरंभीच स्पष्ट झाले. दिवसभर कापडाच्या पेढीवर बसावयाचे आणि रात्री दुकान वाढवून थेट सभागृहात यावयाचे, हा त्यांचा नेम. आता गुडघे मांडी घालू देत नाहीत आणि तासभराचे वादन खांद्यास सोसवत नाही. गतवर्षी दोन रात्री त्यांच्यावाचून गेल्या. तेव्हा कीबोर्डमधील तयार ताल लावून पाहिला. ताल केरव्याचाच होता, गतीही तीच होती. परंतु महिला मंडळातील ज्येष्ठ भगिनींची तिसऱ्या स्तवनातच दमछाक झाली. ‘हा आपल्या काकांचा केरवा नव्हे,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते.

या सदरात वाचकांशी बहुधा ठेवी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांविषयी बोलणे होते. आजचा विषय वेगळा वाटेल. तथापि तोही अखेर नोंदीचाच आहे.

डाव्या हाताने स्वरसंघ दाबला की ताल, खर्जाचे सूर आणि साथसंगत त्याप्रमाणे आपोआप वाजू लागते, अशा वाद्यास अरेंजर कीबोर्ड म्हणतात. त्यातील साथीच्या प्रत्येक साच्यास ‘स्टाईल’ हे नाव आहे. वाद्यासोबत शेकडो स्टाईल येतात. मात्र स्वतःच्या वादनापासून नवी स्टाईल घडविण्याची सोयही वरच्या श्रेणीतील वाद्यांत असते. त्यासाठी लागते ती मिडी पद्धतीची नोंद. ही पद्धत १९८३ साली प्रचारात आली. मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. कोणत्या क्रमांकाचा स्वर, कोणत्या क्षणी, १ ते १२७ पैकी किती जोराने वाजला आणि केव्हा सुटला, एवढेच ती लिहून ठेवते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती रोकड नव्हे, व्हाउचर आहे. त्या व्हाउचरवर ढोलक वटवावयाचा की तबला, हे नंतर ठरविता येते.

काकांच्या नातवाकडे ऑक्टापॅड आहे. काका खुर्चीत बसले, पॅडची संवेदनशीलता वाढविली आणि त्यांनी काठ्यांऐवजी हातांनीच दहा मिनिटे केरवा वाजविला. ती नोंद संगणकावर घेतली. बाजारात चित्रपटगीतांच्या तयार मिडी फाइली फिरत असतात. त्या दुसऱ्याच्या श्रमाच्या असतात आणि बहुधा विनापरवाना असतात. अचौर्याचे व्रत ऐकणाऱ्या मंडळींनी त्यांपासून दूर राहिलेले बरे.

पहिला प्रयत्न हास्यास्पद ठरला. कीबोर्डवर लावताच काकांच्या ‘धा’च्या जागी झांज आणि ‘ना’च्या जागी शिट्टी वाजू लागली. जनरल मिडीच्या मांडणीत ३६ हा क्रमांक मोठ्या ड्रमचा, ४९ झांजेचा आणि ७१ शिट्टीचा. पॅडने पाठविलेले क्रमांक आणि कीबोर्डमधील भारतीय तालवाद्यांचे क्रमांक जुळत नव्हते. पुस्तिकेतील तक्ता समोर ठेवून एकेक बोल योग्य क्रमांकावर नेला, खातेबदलासारखेच काम.

खरी अडचण पुढे आली. दहा मिनिटांतून चार आवर्तनांचा उत्तम तुकडा निवडून मी मुख्य भाग केला आणि एका आवर्तनाची उठाण ‘फिल’ म्हणून लावली. यामाहाच्या स्टाईलमध्ये फिल एकाच मापाचा असतो. वाजवून पाहिले तर स्टाईल सुरू करताना आणि प्रत्येक फिलनंतर मुख्य भागात येताना सम गायब! मधल्या आवर्तनांत मात्र ती ठणठणीत. दोन रात्री मी चूक शोधत होतो. काकांचा समेचा हात मापाच्या रेषेच्या केसभर आधी पडत होता. कानाला ते कळतही नाही. परंतु तुकडा कापताना ती ‘धा’ आदल्या मापात राहिली आणि कापून टाकली गेली. १ एप्रिलची नोंद ३१ मार्चच्या खतावणीत गेली की नव्या वर्षाचा ताळमेळ बसत नाही, तसेच हे.

घाईने मी संगणकातील ‘क्वांटाइझ’ची कळ दाबली. तिने सर्व आघात रेषेवर आणून बसविले. सम परत आली. काका मात्र गेले. ऐकताना गतवर्षीचाच तयार ताल ऐकत असल्यासारखे वाटले.

तेव्हा आकडे पाहिले. चतुर्थांश स्वराचे ४८० भाग धरले आणि मिनिटाला १०० ही गती ठेवली तर एक भाग सव्वा मिलिसेकंदाचा होतो. काकांचा दुसऱ्या मात्रेवरील ‘गे’ सुमारे २० भाग, म्हणजे २५ मिलिसेकंद उशिरा येत होता, आणि तोही दबक्या हाताने. त्या उशिरातच ज्येष्ठ भगिनींना श्वास घ्यावयास जागा मिळत असावी. मी क्वांटाइझ रद्द केले, केवळ मापाच्या आधी पडलेल्या समेच्या ‘धा’ रेषेवर आणल्या आणि उरलेले सर्व जसेच्या तसे ठेवले.

खर्जाचे व साथीचे सूर सोपे होते. स्टाईलचा मूळ स्वरसंघ सामान्यतः ‘सी मेजर सेव्हन’ असतो; त्यात बांधलेले सूर कीबोर्ड गरजेनुसार इतर स्वरसंघांत नेतो. सा, रे, ग, प, ध, नी एवढेच वापरले तर गडबड होत नाही. तानपुऱ्याला मात्र हा नियम लावू नये. स्वरसंघ बदलला म्हणून षड्ज हलता कामा नये. त्या चॅनेलला मूळ स्वर स्थिर ठेवण्याची आणि स्वरबदल टाळण्याची सूचना द्यावी लागते. भगिनी काळी चारमध्ये गातात, तेवढ्यापुरते संपूर्ण वाद्यच चार अर्धस्वर खाली उतरविले.

विद्युत उपकरणांविषयी आपल्या सर्व परंपरांचे मत एक नाही, हे मी जाणतो. आमची भक्ती मंदिरात नव्हे, शेजारच्या सभागृहात होते, आणि आम्ही महाराजसाहेबांना विचारूनच पुढे गेलो. कोषाध्यक्षांनी ‘आता ढोलकवाल्याची गरजच उरली नाही’ असे उत्साहाने म्हटले, ते मात्र मला पटले नाही. ही स्टाईल मंगळवारच्या सरावासाठी आहे. पर्युषणात काकांचा नातू ढोलक घेऊन बसणार आहे आणि याच नोंदीवर तो हात बसवीत आहे.

गेल्या रविवारी कीबोर्ड काकांच्या घरी नेला. डोळे मिटून त्यांनी दोन स्तवने ऐकली आणि मग नातवाकडे पाहून म्हणाले, “दुसऱ्या मात्रेला हात उशिरा पडतोय की रे माझा. कुणी सांगितलं कसं नाही इतकी वर्षं?” दुरुस्त करू का, असे मी विचारले. त्यांनी पुन्हा एकदा ऐकले आणि नकारार्थी हात हलविला. येत्या रविवारी दादरा घ्यावयाचा आहे.