थरथरणाऱ्या पाटावर उभं राहावं का?



या खेपेच्या टपालात एका भगिनीचं पत्र आहे. वय अठ्ठेचाळीस, पाळी थांबून दोन वर्षं झाली. पोट सुटलंय, आणि खाली बसून उठायचं तर मांडीवर हाताचा जोर द्यावा लागतो. भिशीचा नंबर लागलाय, त्या पैशांतून 'व्हायब्रेशन मशीन' घ्यायचं घरात घाटतं आहे. रोज दहा मिनिटं त्यावर नुसतं उभं राहा, तासभर चालल्याइतका व्यायाम होतो, असं विकणारा सांगतो. सासूबाईंची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्याही उभ्या राहतील, म्हणजे एका खर्चात दोन कामं! "ताई, घेऊ का?"

मशीन म्हणजे विजेवर थरथरणारा पाटच. सेकंदाला वीस-तीस-चाळीस वेळा तो हलतो, पण हलतो काही मिलिमीटरच. कल्पना मात्र जुनी आहे हो. मक्याच्या पोह्यांवाले डॉक्टर जॉन हार्वे केलॉग अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आपल्या आरोग्यधामात रोग्यांना थरथरणाऱ्या खुर्च्यांवर बसवत. पुढे कमरेला पट्टा लावून चरबी हलवणारी यंत्रं आली. हलवल्यानं चरबी वितळत असती, तर एस.टी.च्या शेवटच्या बाकावरून रोज प्रवास करणाऱ्या सगळ्या बायका शेलाट्या झाल्या असत्या!

पण हसण्यावारी नेऊ नये असंही त्यात काही आहे. पायाखालची जमीन थरथरली की स्नायू किंचित ताणला जातो, आणि ताणला गेला की तो आपोआप आवळतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणजे स्नायूला थोडं काम पडतं खरं. मात्र ताठ उभं राहिलं तर ते काम फारच थोडं, आणि हादरे थेट डोक्यापर्यंत पोचतात. गुडघे वाकवून, खुर्चीवर बसता बसता थांबल्यासारखं अर्धवट बसलं, तर मांड्यांना खरा भार येतो. खरी मेख इथेच आहे.

बेल्जियममध्ये ल्यूव्हेन इथे पाळी थांबलेल्या ७० स्त्रियांवर झालेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्या गटानं सहा महिने अशा पाटावर बैठकांसारखे व्यायाम केले, त्यांची पायांची ताकद सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, आणि खुब्याच्या हाडाची घनता टक्क्याला थोडी कमी इतकी. आता दुसरी बाजू ऐका. कॅनडात टोरांटोला २०२ स्त्रियांवर वर्षभराचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. त्यात रोज वीस मिनिटं हलक्या थरथरीवर नुसतं उभं राहायचं होतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सगळ्यांनाच दिलं होतं. वर्षअखेर पाटावर उभ्या राहिलेल्या आणि न राहिलेल्या बायकांच्या हाडांत फरक दिसला नाही.

अंग ताणण्याचं म्हणाल, तर तिथे थोडा लाभ आहे. अमेरिकेत जिम्नॅस्ट मुलांनी थरथरत्या साधनावर पाय ठेवून ताण दिला, तेव्हा नुसत्या ताणापेक्षा पाय अधिक फाकले (२००६). पण आपल्याला काही सर्कशीत जायचं नाही! भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं, पाय पसरून बसून अंगठ्यांकडे वाकणं, एवढं अर्धा अर्धा मिनिट धरून रोज केलं, तरी अंग मोकळं होतं.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनी, भिशीचे पैसे तूर्त राहू द्या. स्वयंपाकघरात पक्की, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न लावता तिच्यावर बसा, उठा. आधी पाच वेळा, आठवड्यानं आठ, मग दहा-दहाच्या दोन खेपा. कुकरच्या शिट्या होईपर्यंत होतं सगळं. गुडघा दुखला तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे कमी वाकावं लागेल. संध्याकाळी अर्धा तास झपझप चाला, बाजारहाटातलं रेंगाळणं त्यात धरू नका. पोटासाठी ताटातला भात आणि चारच्या चहाबरोबरची खारी यांचा हिशेब वेगळा करावा लागेल, तो कुठलंच मशीन करून देत नाही.

सासूबाईंना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पाटावर चढवू नका. ठिसूळ हाडांना पडण्याचीच भीती मोठी, आणि घरगुती स्वस्त मशीनला पुष्कळदा धरायला दांडाही नसतो. गरोदर बाई, हृदयाला पेसमेकर बसवलेला माणूस, पायाच्या शिरेत गुठळी झालेली, नुकतं ऑपरेशन झालेली किंवा डोळ्याचा पडदा सरकलेली व्यक्ती, यांनीही लांबच राहावं.

आणि मशीन आधीच घरात येऊन बसलं असेल, तर? टाकून देऊ नका. गुडघे वाकवून, टेबलाची कड धरून, एका वेळी अर्धा-एक मिनिट, मध्ये तेवढीच विश्रांती, असं दिवसाआड करा. डोकं गरगरलं किंवा कंबर भरून आली की लगेच उतरा. दोन महिन्यांनी खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता येतं, ते मला जरूर कळवा.