नव्या पिकअपचा इलेक्ट्रिक फॉल्ट: स्कॅनर काय सांगतो, काय लपवतो आणि वॉरंटीचं काय?

पहाटेचे तीन वाजलेत. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरून झालेत, बाजार उघडायच्या आत वाशी गाठायचीय. चावी फिरवली आणि मीटरवर एकदम पाच-सहा दिवे लागले. इंजिनचा, एबीएसचा, स्टिअरिंगचा. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. गाडी जेमतेम आठ महिन्यांची, हप्ते अजून चार वर्षांचे.

अशा वेळी पिकअपवाला दोन फोन करतो. पहिला ओळखीच्या वायरमनला आणि दुसरा घरातल्या, मोबाइल चांगला चालवणाऱ्या पोराला. हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी आहे. कारण नव्या गाडीतला इलेक्ट्रिक फॉल्ट शोधणं आता निम्मं पाना-पक्कडीचं आणि निम्मं माहिती वाचण्याचं काम झालंय. यातला कुठला भाग तुम्ही स्वतः करू शकता, कुठल्या भागाला कुलूप आहे आणि त्या कुलपावरून कोर्टकचेऱ्या का चालल्यात, हे समजून घेऊया.

नव्या पिकअपमध्ये बदललं काय?

जुन्या डिझेल पिकअपमध्ये वायरिंग म्हणजे बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, लाइट, हॉर्न आणि फ्यूजची एक डबी. इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी बऱ्याच गाड्या धावायच्या.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ वरून आपण थेट बीएस-६ वर उडी मारली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला. त्यात गाडी रस्त्यावर प्रत्यक्ष चालताना किती धूर सोडते याच्यावरही लक्ष आलं. धूर कमी करायचा म्हणजे डिझेल मोजून द्यायचं, सायलेन्सरमधलं तापमान आणि दाब बघत राहायचं. म्हणून सेन्सर वाढले, आणि सेन्सर वाढले म्हणून छोटे कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू वाढले.

हे ईसीयू एकमेकांशी ‘कॅन बस’ नावाच्या जोडवायरीवरून बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगासमोर आणली. पीळ घातलेल्या दोन वायरी आणि त्यांवर सगळ्यांचे निरोप. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखंच समजा: एकाने मेसेज टाकला की सगळ्यांना दिसतो. सोय मोठी आहे, पण ग्रुपमधला एक जण वेड्यासारखे मेसेज टाकायला लागला किंवा गप्प बसला, तर बाकीचेही गोंधळतात.

कोड म्हणजे निदान नाही

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात ब्लूटूथ डोंगल लावायचा, मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं की कोड दिसतात. ‘पी’ने सुरू होणारा कोड इंजिन-गिअरबॉक्सचा, ‘बी’ बॉडीचा, ‘सी’ ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चॅसीच्या भागांचा आणि ‘यू’ म्हणजे ईसीयूंच्या आपसातल्या बोलण्याचा.

इथेच पहिली चूक होते. पी०५६२ म्हणजे ‘व्होल्टेज कमी मिळतंय’. यू०१०० म्हणजे ‘इंजिनच्या ईसीयूशी बोलणं तुटलंय’. पण व्होल्टेज का कमी पडलं, बोलणं का तुटलं, हे कोड सांगत नाही. बॅटरीचं टर्मिनल सैल असलं की सेल्फ मारताना व्होल्टेज धाडकन खाली येतं. त्या क्षणी एबीएसचा ईसीयू बंद पडून पुन्हा चालू होतो, स्टिअरिंगचाही तसाच, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने तक्रार नोंदवतो. स्कॅनरवर दहा कोड, मूळ दोष एकच. ते दहा कोड बघून कोणी एबीएसचा सेन्सर बदलायला घेतला, तर ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं आहे.

स्वस्त डोंगलची आणखी एक मर्यादा आहे. बहुतेक वेळा तो फक्त इंजिनचे ठरलेले कोड वाचतो. बॉडी आणि ब्रेकच्या ईसीयूपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून अ‍ॅपवर ‘नो फॉल्ट’ आलं म्हणजे गाडी ठीक, असं धरू नका. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. काही डोंगल रात्रभर बॅटरी खातात आणि सकाळी नवाच आजार उभा राहतो.

मग तपासायचं कसं? क्रम महत्त्वाचा

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. क्रम मात्र सोडायचा नाही.

१. बॅटरी. गाडी काही तास बंद ठेवून टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. तो साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोड खराब आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. काही नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच्या हातात असतं, तिथे हा आकडा थोडा वर-खाली होतो. त्यामुळे एका आकड्यावरून अल्टरनेटर काढायला लावू नका.

२. अर्थिंग. सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट. वायर नुसती तपासली तर चांगलीच दिसते, कारण आतल्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर ‘बीप’ करतो. खरी परीक्षा करंट वाहताना होते. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला तर अर्थिंगची वायर किंवा तिचा बोल्ट बघा. मागचा लाइट मंद लागत असेल तर हीच परीक्षा लाइट चालू ठेवून त्याच्या अर्थिंगच्या पिनवर करा.

३. उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी. गाडी बंद केल्यावरही ईसीयू लगेच झोपत नाहीत, काही गाड्यांत अर्धा तास लागतो. ते झोपल्यावर ओढला जाणारा करंट साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असावा. तो ०.५ असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ६५ अँपिअर-अवरची असेल तर शनिवारी रात्री लावलेल्या गाडीची निम्म्याहून जास्त बॅटरी मंगळवारी रात्रीपर्यंत संपलेली असते. चोर शोधायला फ्यूज उपटत बसू नका, त्याने झोपलेले ईसीयू जागे होऊ शकतात. फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बिंदूंवर मिलिव्होल्ट मोजा. ज्या फ्यूजवर आकडा दिसतो, त्या लाइनवर कोणीतरी जागं आहे. करंट मोजायला मीटर लाइनमध्ये लावलाच असेल तर तेव्हा सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

४. नेटवर्क. वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे या. बॅटरीचं कनेक्शन काढून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आलं तर जोडवायर दोन्ही टोकांपर्यंत शाबूत. १२० आलं तर एक टोक तुटलेलं. शून्याच्या जवळ असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाडीत पोर्ट आणि ईसीयूंच्या मध्ये ‘गेटवे’ बसवलाय तिथे आकडा वेगळा येऊ शकतो.

एक धोका लक्षात ठेवा: पिवळ्या रंगाचे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर लावायचा नाही, सुई टोचायची नाही.

पिकअपची दुखणी कारपेक्षा वेगळी

कार शोरूममधून येते तशीच चालते. पिकअपचं तसं नसतं. आल्या आल्या हौद्यावर जाळी, केबिनवर एलईडी पट्टी, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर. यातली निम्मी कामं वायर सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळून होतात. एलईडीसाठी जवळ दिसली म्हणून सोललेली वायर सेन्सरची निघाली, तर पहिल्या पावसापर्यंत सगळं ठीक असतं. हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरी काढली नाही तर ईसीयूलाही धक्का बसू शकतो.

मागच्या लाइटचे कनेक्टर हौद्याखाली, चिखलाच्या माऱ्यात असतात. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांना तर बर्फाचं खारट पाणी रोज ठिबकतं. तांब्याची वायर वरून साबूत दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते. शेतघराजवळ उभ्या गाडीत उंदरांचा उपद्रव वेगळाच.

आणि सर्वांत महागात पडणारी मदत: बॅटरी बसली म्हणून शेजारच्या ट्रकवरून केबल लावणं. मोठ्या ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते, पिकअपची १२ ची. त्या एका झटक्यात ईसीयू जळू शकतो.

खरा वाद: स्कॅनर कोणाच्या हातात?

इथवरचं काम तुम्ही किंवा तुमचा वायरमन करू शकता. पण समजा दोष ईसीयूच्या आत आहे, किंवा नवा भाग बसवल्यावर तो गाडीच्या कॉम्प्युटरला ‘ओळख करून’ द्यायचाय. त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते सहसा अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच मिळतं. गावातला हुशार वायरमन इथे अडतो. त्याला काम येत नाही असं नाही, त्याच्याकडे परवानगी नसते.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच: सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळत नव्हती. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका, असंही आयोगाने बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झालं तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारायला मात्र मुभा ठेवली. कंपन्या अपिलात गेल्या, काहींचा दंड कमी झाला आणि प्रकरण वर्षानुवर्षं लांबलं.

कंपन्यांच्या बाजूलाही एक मुद्दा आहे, आणि तो पोकळ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप घरबसल्या इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यांत रॅम पिकअपही होत्या. त्यानंतर २०१८ च्या मॉडेलांपासून या कंपनीने गाड्यांत सुरक्षा गेटवे बसवायला सुरुवात केली. तिथे नोंदणी न केलेला स्कॅनर कोड वाचतो, पण ते पुसायचे किंवा एखादा भाग चालवून बघायचा तर त्याला दार बंद. चोराला रोखणारं कुलूप मेकॅनिकलाही रोखतं. अमेरिकेने निदान नोंदणी करून आत यायची वाट ठेवली. मॅसॅच्युसेट्स राज्यात तर २०२० मध्ये मतदारांनीच गाडीतून वायरलेस जाणारा डेटाही मालकाला आणि त्याच्या गॅरेजला मिळावा असा कौल दिला. त्यावरही कंपन्या कोर्टात गेल्याच.

आपल्याकडे केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत वाहनंही आहेत. मे २०२५ मध्ये ‘दुरुस्ती निर्देशांका’ची शिफारस सरकारकडे आली, म्हणजे एखादी वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण. पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. पंधरा हजारांच्या फोनला गुण आधी, दहा लाखांच्या पिकअपला कधी, हा प्रश्न विचारायलाच हवा. फोन बंद पडला तर गैरसोय होते, पिकअप बंद पडली तर त्या दिवसाची कमाई जाते.

वॉरंटी चालू असेल तर एवढं करा

- कोड पुसू नका. अ‍ॅपमधल्या ‘क्लिअर’ बटणाचा मोह टाळा. कोडसोबत त्या क्षणाचा वेग, तापमान वगैरे नोंदलेलं असतं, ते पुसलं जातं. आधी स्क्रीनशॉट घ्या.
- व्हिडिओ काढा. अधूनमधून येणारा फॉल्ट सर्व्हिस सेंटरला नेमका येत नाही. मीटरवरचे दिवे, सेल्फचा आवाज, तारीख-वेळ रेकॉर्ड करा.
- जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. नुसतं ‘जनरल चेकअप’ नको. ‘सकाळी थंड गाडीला सेल्फ लागत नाही, तीन दिवसांत दोनदा’ असं हवं. प्रत्येक वेळची प्रत जपा.
- क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तुम्ही लावलेल्या एलईडीमुळेच बिघाड झाला असं म्हणत असतील, तर कुठल्या वायरमुळे, ते लिहून द्या म्हणा.
- दाद मागता येते. ‘पिकअप धंद्याची, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची.

आता पहाटेच्या त्या गाडीकडे परत या. फोन आला की आधी एवढंच सांगा: टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर घट्ट करा, सेल्फ मारा आणि आधी वाशी गाठा. नाही हललं तर कोडचा स्क्रीनशॉट पाठवा, आणि शेजारच्या ट्रकवाल्याला सांगा, ‘दादा, केबल नको.’